सोमवारचं धुणं

तार आली, नव्यानेच पगारी झालेला आमच्या गावचा बेसबॉल संघ अकरा-दोन हरला. गुत्त्यात लगेच कुजबुज सुरू झाली, "लिअँडरने सामना विकला."

लिअँडर म्हणजे संघात खेळणारा माझा नवरा. घरी आला तो शेजारी ऐकू जाईल असा माझ्यावरच डाफरला, "कॉर्नेलिया, चेंडूसाठी दिवसभर मातीत लोळलो गं मी! आता तूही संशय घे!"

सोमवारी धुवायला त्याची खेळायची पांढरी विजार काढली. गुडघ्यांवर मातीचा कण नव्हता. मी केलेली इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

तेवढ्यात शेजारची हिल्डा कुंपणावरून ओरडली, "आण गं तुझं धुणं हापशावर! बघू तरी, कितीसा लोळलाय तुझा नवरा!"

 

"आले, आले!" म्हणत मी परसातला ओला चिखल मूठभर उचलला आणि दोन्ही गुडघ्यांना फासला.