खरबरीत कागदावरचे पक्षी

मर्लचा नवरा वारल्यावर त्याची मासेमारीची बोट उद्या विकली जाणार होती. तिला आठवण म्हणून बोटीचं चित्र हवं होतं. मी ऐटीत टाकाला सगळ्यांत बारीक निब लावली. जलरंगाच्या खरबरीत कागदात ती रुतली आणि चित्रातल्या आभाळात शाई उडाली.

"सीगल आहे तो," मी म्हणालो.

निब बदलली. आणखी दोन सीगल.

"अख्ख्या होबार्ट बंदरातले पक्षी इथेच आणलेस का रे?" मर्लने विचारलं.

शेवटी बोथट टोकाची निब नीट चालली. मी नवा कागद घेऊ लागलो.

"हाच राहू दे. माझा डेस परतायचा ना, तेव्हा धक्क्यावरून आधी पक्षीच दिसायचे. अजून काढ."

मी मन लावून एक काढला.

मर्ल डोळे पुसत हसली. "ही कोंबडी बोटीवर कशी आली?"