जास्तीचं काम

तारापूरच्या कारखान्यातल्या युनिक्स कॉम्प्युटरवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी एकनाथनेच पुसली होती. बदल करायला गेला आणि घाईत शेजारची कळ दाबली गेली. मॅनेजरसमोर मात्र त्याने हाताखालच्या नलूचं नाव घेतलं. नलूची नोकरी गेली, आणि पुढच्याच आठवड्यात ती खाडीत सापडली.

तेव्हापासून एकनाथ फार जपून असायचा. आधी यादीची प्रत काढायची, बदल प्रतीत करायचे, आणि मगच ती कॉम्प्युटरवर चढवायची.

त्या दुपारी प्रतीच्या तळाशी एक काम जास्तीचं दिसलं. ते त्याने घातलेलं नव्हतं. त्याने ते खोडलं, प्रत चढवली आणि यादी पुन्हा उघडली. काम तिथेच होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर करकरू लागला.

"काय लिवलाय, सायेब?" केर काढणाऱ्या काशीबाईने विचारलं.

एकनाथने नकळत मोठ्याने वाचलं, "सायेब, मी नाय पुसलं."

काशीबाईचा झाडू थांबला. "नलू जाताना हेच बोलत व्हती."

एकनाथ पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. या खेपेला त्याने जाणूनबुजून तीच कळ दाबली. यादी कोरी झाली, एकही काम उरलं नाही.

प्रिंटर थांबला नाही. एकनाथने धावत जाऊन त्याची वायर भिंतीतून उपटली. वायर त्याच्या हातात लोंबत होती आणि कागद सावकाश वर सरकत होता.

"सायेब, आता कोनाचं नाव घेनार?"