ट्रकमधली आजी

भूकंपात पाटणचं घर पडल्यापासून सोपान आणि अंजना आपल्या ट्रकमध्येच राहत होते. अंजनाच्या बहिणीकडे जाताना वाटेत दोनदा टायर फुटला, रेडिएटर गळला. भरदुपारी ते विट्याला पोचले, तेव्हा दोघांच्यात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

अंजनाची थोरली बहीण भामाबाई तिच्या गळ्यात पडून रडली. मग पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन ती ट्रकमध्ये चढली आणि रिकामा घेऊन उतरली.

"आक्का, पानी कुणाला दिलंस?"

"आतल्या आजींस्नी. लय दमल्यात गं. घरी कवा न्हेनार, इचारत हुत्या."

"आमी दोघंच हाय, आक्का."

सोपान ट्रकमध्ये चढला. आत कुणीच नव्हतं. फळ्यांवर पाण्याचा एक थेंबही सांडलेला नव्हता.