भैरवीचा क्रमांक
ठाण्याच्या कार्यक्रमाच्या यादीत अठरा गाणी होती आणि प्रत्येकापुढे हरिहरने पेन्सिलीने पट्टी लिहिली होती. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या बायकोची, उत्तराची, पट्टी काळी चारवरून पांढरी चारवर उतरली होती. तिने यादी वाचली, शेवटची भैरवी खोडली आणि चौथ्या क्रमांकावर लिहिली. "अगं, भैरवी चौथी? लोक रिक्षा पकडायला पळतील!" "पळू देत हो. चौथ्यापुढे माझा आवाज टिकत नाही, मोजलंय मी. उरलेली आपली लेक गाईल." "भैरवीनंतर कोणी गात नाही, उत्तरा." "मी तरी कुठे गाणार आहे?" हरिहरने पेटी पुढ्यात ओढली आणि भाता उघडला. तालमीत पहिली दोन गाणी नीट झाली. तिसऱ्याच्या वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. ती पाणी प्यायली, पुन्हा गायली. पुन्हा तिथेच फाटला. हरिहरने खोडरबर उचलून चौथ्या क्रमांकावरची भैरवी पुसली आणि दुसऱ्या क्रमांकावर लिहिली.