नव्या काचेवरचा ऊस

नात राजनंदिनी वारली, तेव्हापासून हिंदुरावांच्या जुन्या विजेच्या गाडीतली टचस्क्रीन हात न लावता आपोआप चालायची. शेवटी त्यांनी गाडी बारामतीच्या गॅरेजात आणली.

"काच बिघडली की आसंच होतं, आबा," म्हणत तिथल्या मेकॅनिक उत्कर्षाने नवी स्क्रीन बसवली.

"बरं झालं, पोरी. रोज जीव तुटायचा. नात हितंच बसून काचेवर बोटानं उसाचं चित्र काढायची. शेंड्याकडनं खाली. किती सांगितलं, ऊस बुडातनं वाढतो, बुडातनंच काढावा. ऐकतीय कशाची!" हिंदुराव हसले.

उत्कर्षाने तपासणी सुरू केली. आता काळ्या पडद्यावर बोट फिरेल तिथे पांढरी रेघ उमटणार होती.

तिने बोट अजून टेकवलं नव्हतं. तरी वरच्या कडेला रेघ उमटली आणि हळूहळू खाली आली. मग तिच्यावर एकेक आडवं पेर पडू लागलं.

"नवी हाय की वो ही," उत्कर्षा पुटपुटली.

हिंदुराव पुढे वाकले. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला.

"बुडातनं, बाळा."

रेघ थांबली. पडदा पुसला गेला.

मग अगदी तळाशी एक पांढरा ठिपका उमटला आणि वर चढू लागला.