कानातलं

"सॉरी यार, ताप आलाय. आज नाही जमणार." मैत्रिणीचा, अपूर्वाचा, मेसेज आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. जान्हवीने कालच इन्स्टाग्रामवर जाहीर केलं होतं, खणाच्या कापडाचे झुमके, दसऱ्यासाठी, उद्या दुपारी बारा वाजता. फोटोसाठी अपूर्वाचे कान मिळणार म्हणूनच तर जाहीर केलं होतं.

आतापर्यंत ती कानातले ताटलीत ठेवून फोटो काढायची. ताटलीत ते शर्टाच्या बटणांसारखे दिसायचे. लोक बदाम द्यायचे आणि पुढे जायचे. गेल्या आठवड्यात बोरिवलीच्या एकीने विचारलं, "कानात घातल्यावर कसे दिसतात?" दाखवायला जान्हवीकडे काहीच नव्हतं. जूनमध्ये दाताच्या डॉक्टरांकडची नोकरी सोडताना तिने नवऱ्याला, सिद्धेशला, सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत कानातल्यांचं पेज चाललं नाही तर परत क्लिनिकमध्ये बसेन. दसरा आठ दिवसांवर आला होता.

सिद्धेश कामावर होता, सासूबाई भांडुपला लेकीकडे. कांजूरमार्गच्या त्या घरात ती आणि तिचे सासरे सीताराम, दोघंच. सीताराम खिडकीशी बसून दाढी करत होते.

"बाबा, दाढी झाली की माझ्या कानाचा फोटो काढाल?"

"कानाक काय झाला?"

"काही नाही झालं. झुमका दिसायला हवा फक्त. सेल्फीत नीट येत नाही."

सीतारामांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि श्वास रोखून अकरा फोटो काढले. सात हलले. तिनांत त्यांचं बोट आलं. एक अगदी स्वच्छ आला, पण तो गॅसच्या सिलिंडरचा होता.

"हात हलता गो माझो," ते ओशाळून म्हणाले. "ह्याच हातान गिरणीत तुटलेला सूत जोडी होतंय."

मोबाइल परत द्यायला ते वाकले तसं खिडकीतलं ऊन त्यांच्या कानावर पडलं. पाळीच्या मधोमध एक बारीक भोक होतं. चार वर्षं या घरात राहून जान्हवीला ते कधी दिसलं नव्हतं.

"बाबा, तुमचे कान टोचलेत?"

"लहानपणी." त्यांनी पाळी चिमटीत धरली. "माझ्याआधी दोन झील गेले. तिसरो तरी जगूक होयो म्हणान आवशीन माझे कान टोचल्यान, परकर-पोलका घातल्यान. चेडू झाला म्हणान गावभर सांगल्यान."

"मग?"

"मगे शाळेत गेलंय. पोरां हसली. त्याच दिवशी कानातला काढून वहाळात टाकलंय."

सांगताना ते हसले, पण पाळी काही सोडली नाही.

साडेअकरा होत आले होते. जान्हवीने धीर केला. "बाबा, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल."

सीताराम तिच्या हातातल्या झुमक्याकडे बघत राहिले. हिरवा खण, खाली तीन सोनेरी मणी.

"तोंड दिसतला?"

"नाही. फक्त कान."

"घाल तर."

झुमका लगेच जाईना. जान्हवीने पाळीला खोबरेल लावलं, सीतारामांनी डोळे मिटले, आणि आकडा अलगद आत गेला.

"दुखलं?"

"नाय गो."

कान चांगलाच मोठा होता. कडेला चार पांढरे केस, खाली मानेवर सुरकुत्या, कानामागे दाढीचा साबण. साबण तिने ओढणीने पुसला. केसही कापावेत असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. बाराला दोन मिनिटं असताना तिने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या घरातला सगळ्यात जुना कान."

वीस मिनिटं काहीच झालं नाही. जान्हवीने मोबाइल पालथा घातला, भात लावला, मग परत सरळ केला.

"कुणाचा कान आहे गं हा?" एकीने विचारलं होतं. दुसरीने लिहिलं होतं, "आजोबा का? झकास!" आणि त्याखाली बोरिवलीची ती बाई. "माझ्या आईचे कान असेच आहेत. ती काही घालतच नाही, म्हणते या वयात कोण बघतंय. आत्ता तिला तुझा फोटो दाखवला. दोन जोड ठेव, एक तिला, एक मला."

दीड वाजेपर्यंत बारा जोड गेले. तिच्याकडे होतेच बारा.

तिने सिद्धेशला फोन लावला. "संपले रे! सगळेच्या सगळे!"

"काय सांगतेस! अपूर्वाचे फोटो भारी आले वाटतं."

"अपूर्वा आलीच नाही."

"मग?"

"घरी ये, मग बघ," असं म्हणून तिने हसतच फोन ठेवला आणि पॅकिंगला बसली. अकरा जोड डब्यांत गेले. बाराव्या डबीत एकच झुमका होता.

ती उठून आत गेली. सीताराम कपाटाच्या आरशासमोर उभे होते, मान थोडी कलती करून. झुमका हळूहळू हलत होता.

"बाबा, काढते हं तो. बोरिवलीला पाठवायचाय." तिने हात पुढे केला.

सीतारामांनी डोकं मागे घेतलं. आरशावरची नजर न काढता त्यांनी विचारलं,

"दुसरो खंय आसा गो?"