काळी न होणारी पट्टी

निनाद आज संध्याकाळी स्वतःच्या साखरपुड्याला वेळेवर पोचणार होता. पण ते जमणार नाही असंच धरून चालू.

त्याने पतसंस्थेसाठी बनवलेल्या अ‍ॅपची वरची पट्टी डार्क मोड लागला की काळी व्हायला हवी होती. सगळ्यांच्या फोनवर ती निमूट व्हायची. अध्यक्ष तोडकरसाहेबांच्या फोनवर मात्र पांढरीफटक राहायची. आणि त्यांचा फोन डार्क व्हायचा फक्त सूर्यास्ताला.

"साहेब, सेटिंगमधून आत्ताच डार्क करून बघतो ना."

"हात लावू नका! जावईबापूंनी लावून दिलंय. संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी माझा साखरपुडा आहे हो."

"मग पट्टी काळी दाखवून जा की. अडवलंय कुणी?"

निनादने दुरुस्ती केली, खिडकीतलं रणरणतं ऊन पाहिलं आणि वेधशाळेला अर्ज लिहायला घेतला: वरील कारणास्तव आजचा सूर्यास्त दुपारी तीन वाजता करण्यात यावा, ही नम्र विनंती.